दोन आवृत्त्यांची गोधडी

वसई (पश्चिम)
१७ ऑगस्ट २००३

प्रिय आशा,

मायना एकदम 'प्रिय' लिहिलाय म्हणून दचकू नकोस. आमचे वडील आईला पत्रात 'अनेक आशीर्वाद' लिहीत. तुला मी आशीर्वाद पाठवले तर तू ते 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून परत करशील. असो. मी ठीक आहे. रक्तदाब ठीक आहे. स्वयंपाकघरातली झुरळं तर तू गेल्यापासून फारच ठीक आहेत. तिकडे अमेरिकेत तू, अश्लेषा, जितेंद्रराव आणि नवी पाहुणी आर्या, सगळे खुशाल असाल. आर्याचा फोटो पाहिला. नाक आपल्या घराण्याचं आहे. ते पुढे बरं दिसू लागतं असं नातीला आत्तापासून सांगत जा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

ई-मेल करा, म्हणतेस. ती अश्लेषाच्या खात्यावर येणार. आधी लेक वाचणार, मग जावई वाचणार, आणि शेवटी तुला सारांश मिळणार. शिवाय इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की मी माझा मलाच तोतरा वाटतो. तेव्हा पत्र. उशिरा पोचेल, पण तुझ्याच हातात पडेल.

तू पाठवलेली सीडी मिळाली. जितेंद्ररावांच्या मित्राने ती दोन टर्किश टॉवेलांत गुंडाळून आणली होती. टॉवेल आपले की त्याचे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी ठेवून घेतले. सोबतची चिठ्ठी वाचली: 'आपल्या गोधडीच्या प्रोग्रामची ही पाचवी आवृत्ती. इथे सगळ्या हीच वापरतात. चौथी काढून ही टाका.' पिशवीतली शिळी कोथिंबीर काढून ताजी टाका, असं लिहावं तितक्या सहज लिहिलंयस.

तू नसताना आपल्या गोधडी मंडळाचा कारभार कसा चाललाय ते तुला कळायला हवं. गोधडीचा नकाशा पडद्यावर उघडणं माझ्याकडे. तुकड्यांचे आकार छापून पुठ्ठ्यावर चिकटवणं आणि पुठ्ठा कापणं माझ्याकडे. (जुन्या लग्नपत्रिका संपल्या. कालपासून बँकेने मला निरोप देताना दिलेलं मानपत्र कापतोय. जाड आहे. शेवटी कामाला आलं.) मग दुपारी लिडिया, रोझलिन आणि कमळी आपल्या हॉलमध्ये येतात, पुठ्ठा कापडावर ठेवतात, खडूने रेघ मारतात, रेघेबाहेर शिवणीसाठी बोटभर कापड सोडतात, कापतात आणि मला शिव्या घालतात. हे शेवटचं काम तू मला सांगून गेली नव्हतीस.

सीडीची बातमी अर्थातच फुटली.

"मग टाका ना भाऊ," लिडिया म्हणाली. "आशाबायने एवढ्या लांबून पाठवली."

"आणि बिघडलं तर? मेरीच्या लग्नाची गोधडी यात आहे."

"माझी पोरगी, माझ्या पोरीची गोधडी. मी घाबरत नाय, तुम्ही कशाला घाबरता?" ही रोझलिन.

कमळी सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ घाबरत नाय गो. वैनीचा हात लागलेला काय पन भाऊला काढून टाकवत नाय."

मी विषय बदलायला म्हणून तिला चहा टाकायला सांगितलं. ती म्हणाली, "चा तुमीच करता ना आता?" गास गावच्या बायकांना नम्रपणा शिकवण्याचं काम तू अर्धवट टाकून गेली आहेस.

त्या गेल्यावर मी खरोखर कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली. मशीनने विचारलं, आधीची आवृत्ती काढून टाकायची का? आपल्या मशीनमध्ये दोघींना जागा नाही म्हणे. खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं. मी 'हो'वर बाण नेला आणि बसलो. बराच वेळ बसलो. मग वीज गेली. वसईतली वीज योग्य वेळी जाते, असा अनुभव आयुष्यात पहिल्यांदा आला.

एक सांगायचं राहिलं. परवा जितेंद्ररावांचा फोन होता. म्हणाले, आईंचं नोव्हेंबरचं तिकीट पुढे ढकलता येतं, इथे राहायची मुदतही सहा महिने वाढवून मिळते, तुमची हरकत नाही ना? मी म्हणालो, "तुमच्या सोयीने बघा." हे वाक्य मी बँकेत जन्मभर वापरलं. त्यातून होकार निघत नाही, नकार निघत नाही आणि फाइल पुढे सरकते. तुझं काय ठरलंय ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तर प्रोग्रामचं काय करायचं ते कळव.

तुझ्या मंडळाचा बिनपगारी कारकून,
प्रल्हाद


वसई
१४ सप्टेंबर २००३

प्रिय आशा,

गणपती आले आणि गेले. मोदक मी वळले असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून खरं लिहितो. विकत आणले, आणि आरतीला आलेल्या शेजाऱ्यांना 'घरचे' म्हणून वाढले. सगळे म्हणाले, अगदी वहिनींसारखे झालेत. याचा अर्थ एवढाच की तुझ्या हातची चव त्यांना कधी कळलीच नव्हती. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझं पत्र मिळालं. तिथल्या गोधडी क्लबातल्या बायकांनी तुझा धावदोरा पाहून टाळ्या वाजवल्या, हा भाग मी मंडळात मोठ्याने वाचून दाखवला. लिडियाने विचारलं, "आपण कधी टाळ्या वाजवल्या नाय, म्हणून गेली काय ती?" कमळीने लगेच दोन वाजवून पाहिल्या, पण हातात सुई होती. दर गुरुवारी तू त्यांना शिकवतेस, तुला गाडीने न्यायला येतात, आणि त्यांचं प्रदर्शन जानेवारीत आहे. जानेवारीत. बरं.

आवृत्तीबद्दल तू 'अजून टाकली नाहीत?' एवढंच लिहिलंस. त्या प्रश्नचिन्हाला मी ओळखतो. आपल्या लग्नापासून ते माझ्या ओळखीचं आहे. तर ऐक. प्रश्न आम्ही आपल्या थोर परंपरेप्रमाणे सोडवला. मंडळ फोडलं.

लिडियाचा नवरा फ्रेडरिक मस्कतहून कायमचा परत आलाय, आणि येताना नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन आलाय, ज्यावर तो फक्त पत्ते खेळतो. नवी आवृत्ती त्याच्या मशीनवर, भुईगावला. जुनी आपल्याकडे. मेरीच्या गोधडीचा नकाशा मधोमध कापला. डावा अर्धा भाग आपल्या हॉलमध्ये, मी आणि कमळी. उजवा भुईगावला, लिडिया आणि रोझलिन. जिचं काम सरस ठरेल ती आवृत्ती राहील, दुसरी जाईल. ऑक्टोबरात दोन्ही अर्धुकं जोडायची. एवढा निवाडा तर कोर्टातही होत नाही.

फ्लॉपीवर नकाशा घालून मी आणि कमळी भुईगावला गेलो. केळीच्या वाडीतून जाताना कमळीने प्रत्येक घडाची किंमत केली. नव्या आवृत्तीने आपला जुना नकाशा मुकाट्याने उघडला. उलट नवीत केलेलं काही जुनीपुढे ठेवलं तर ती ओळखसुद्धा देत नाही. म्हणजे सून सासूचं सगळं समजून घेते, सासू मात्र सुनेचं अक्षर वाचायला तयार नाही. मी सासूच्या बाजूचा असल्यामुळे गप्प बसलो.

नवी मोठी देखणी आहे, हे कबूल करतो. गोधडी पलंगावर अंथरून दाखवते. पलंग अमेरिकेतला, त्यावर उश्याच उश्या. कमळी पुढे वाकून म्हणाली, "मानसं कुठं झोपतात?" हजारो कापडं भरलेली आहेत, पण सगळी तिकडची: भोपळे, कावळे, बर्फात हिंडणारी हरणं. इरकल नाही. खण नाही. रोझलिनच्या आईच्या लाल चौकड्यांच्या लुगड्याच्या जवळपास जाणारंही काही नाही, आणि सगळी गोधडी तर त्या लुगड्याभोवती बेतलेली. तू आपल्या जुनीत एकेक पदर स्कॅनरवर दाबून भरला होतास. स्कॅनरची काच अजून मधे थोडी तडकलेली आहे. दुरुस्त करून घेतलेली नाही.

मागच्या आठवड्यात लिडिया लुगड्याचे उरलेले तुकडे न्यायला घरी आली. तिला बसायला सांगितलं, तर ती भिंतीकडे पाहत उभी.

"भाऊ, कॅलेंडर जूनचं आहे."

"त्याच्यामागे भिंतीला डाग आहे."

"मग जुलैच्या पानाने डाग दिसला असता काय?"

मी तुकडे शोधायला आत गेलो. बाहेर तिची नजर सगळीकडे फिरत होती हे मला आतूनही कळत होतं. तुझा चष्म्याचा डबा टीव्हीवर, तुझी चप्पल दारात, पंचांग तू उलटं ठेवून गेलीस तसं उलटं.

"आशाबाय परत आली तर विचारेल," ती बाहेरून ओरडली, "मी गेल्यापासून हा माणूस खुर्चीवरून उठला की नाय?"

मी तिला सांगितलं की घर जसंच्या तसं ठेवणं याला शिस्त म्हणतात. ती म्हणाली, आमच्याकडे याला दुसरं काहीतरी म्हणतात, पण तुमच्या तोंडावर नाय म्हणत. मग तुकडे घेऊन गेली. कॅलेंडरचं पान मी उलटलं. त्यात विशेष काही नाही. सप्टेंबर चालू होता म्हणून उलटलं.

तिकडे थंडी पडू लागली असेल. स्वेटर अश्लेषाचा घालू नकोस, तिचे बाह्यांना आखूड असतात. तिकिटाबद्दल जितेंद्ररावांनी पुन्हा काही सांगितलं नाही. त्यांना बरीच कामं असतात.

डाव्या बाजूचा अर्धा अध्यक्ष,
प्रल्हाद


वसई
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय आशा,

आज संध्याकाळी आपण फोनवर बोललो, तरीही हे पत्र. फोनवर तू अर्धंच ऐकलंस, कारण बाकीचं अर्धं सगळे एकदम बोलत होते. क्रमाने सांगतो.

चर्चमधली सकाळची मिस्सा आणि जेवणं आटपून सगळे दुपारी उशिरा लिडियाच्या अंगणात जमले. मी आणि कमळी आपलं अर्धुकं चादरीत बांधून रिक्षाने गेलो. मोठी चटई अंथरली. त्यांनी उजवी बाजू पसरली, आम्ही डावी. वरच्या कडा जुळवल्या आणि खालच्या टोकाकडे गेलो.

तिथे त्यांची बाजू आमच्या बाजूच्या पुढे जवळजवळ दीड हात गेली होती.

सगळे खाली वाकले. मग लिडिया म्हणाली, "तुमची आटली. धुतली काय?"

"कोरी आहे. तुमची फुगलीय. भुईगावची हवा."

"तुमच्या जुन्या मशीनला वयानुसार कमी दिसत असेल!"

"आणि तुमच्या नवीला सगळं फुगवून सांगायची सवय. मस्कतला राहून आलेल्या मशीनचं दुसरं काय होणार?" हे मी बोललो आणि मग लक्षात आलं, फ्रेडरिक मागेच उभा होता. फ्रेडरिक कधीच काही म्हणत नाही. लिडियाशी संसार कसा करावा हे त्याच्याकडून शिकावं.

मग संशय बोटांवर आला. शिवणीला सोडायचं कापड बोटभर, हे ठीक. पण बोट कुणाचं? लिडियाने कमळीचा हात धरून वर केला. "हे बघा, काडीसारखं बोट. म्हणून गोधडी काडीसारखी."

"माझा बोट काडी, आनि तुजा काय मुसळ?" कमळीने हात सोडवून घेतला. "रेघ बोटाच्या आत मारलेली हाय. शिवन रेघेवर. बोट जाडा असो नायतर बारीक, गोधडीला काय फरक पडनार?"

तरीही सगळ्यांनी पंजे पुढे केले. फ्रेडरिकने पट्टी आणली आणि ओळीने मापं घेतली, माझंसुद्धा, आणि मी तर एक टाका घातलेला नाही. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, इथे अंगठ्यांची मापं घेऊन सामुदायिक साखरपुडा चाललाय. बोटांत काही सापडलं नाही. मग दोन्हीकडचे पुठ्ठे एकावर एक ठेवले. तेव्हा कळलं: त्यांचा चौकोन आमच्या चौकोनाहून अर्धा इंच मोठा, आणि वरपासून खालपर्यंत असे पन्नास चौकोन. नकाशा एकच, फ्लॉपी एकच, आणि चौकोन दोन.

रोझलिन चटईवर बसली आणि रडू लागली. "माझ्या आईचं लुगडं कापलं. आता दुसरं लुगडं कुठून आणू? पुढच्या महिन्यात लग्न, आणि पोरीला लंगडी गोधडी देऊ?" थट्टा तिथे संपली.

तेव्हा फ्रेडरिक बोलला. म्हणाला, "आशाबायला विचारा ना." आणि फोन उचलून नंबर फिरवलासुद्धा. अमेरिकेला फोन लावताना मिनिटाचा दर न विचारणारा माणूस मी प्रथमच पाहिला. त्याच्या फोनला मोठा आवाज येण्याचं बटण आहे. ते त्याने दाबलं आणि तू अंगणभर झालीस.

तू हकिगत पुरती ऐकूनही घेतली नाहीस. "अहो, नवी आवृत्ती शिवणीचं कापड स्वतःच धरून छापते. छापायच्या पानावर खाली छोटा चौकोन असतो, त्यातली खूण काढायची. तुम्ही वर आणखी बोटभर सोडलंत ना?" आणि हसायला लागलीस. मग लिडिया हसली, मग कमळी. रोझलिनही डोळे पुसत हसली, म्हणजे तुझ्या हसण्याला हसली, स्वतःच्या नशिबाला नव्हे. अमेरिकेतल्या बायका बोट वापरत नाहीत आणि आपल्या बायका बोटाशिवाय कापत नाहीत, हे तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात ना त्याची चूक ना यांची.

मी हसलो नाही, हे तुला तिकडून दिसलं नसेल. तुझं हसणं इतकं जवळून फार दिवसांनी ऐकत होतो, म्हणून ऐकत होतो.

पुढचं तुलाही माहीत आहे. लिडिया फोनवर वाकून ओरडली, "आशाबाय, येते कधी?"

आणि तू म्हणालीस, "ह्यांनाच विचार ना. हे म्हणाले, सोयीने बघा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कमळी पाहू लागली. फ्रेडरिक पाहू लागला, तो तर कुणाकडेच पाहत नाही. मी फोनजवळ गेलो. आणि विचारलं, "ती खूण काढायचा चौकोन पानाच्या डाव्या बाजूला की उजव्या?"

"उजव्या," तू म्हणालीस. मग आर्या रडली आणि फोन ठेवलास.

परतीच्या रिक्षात कमळी नालासोपाऱ्याचा फाटा येईपर्यंत रिकाम्या चादरीची घडी घालत होती. मग म्हणाली, "उजव्या." आणि बाहेर बघत बसली.

गोधडीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ठरलं की कळवतो. प्रकृती ठीक.

प्रल्हाद


वसई
२६ ऑक्टोबर २००३, दिवाळी पाडवा

प्रिय आशा,

आज पाडवा. ओवाळायला कुणी नाही आणि ओवाळणी मागायलाही कुणी नाही, म्हणजे खर्च वाचला. सकाळी उटणं लावायला पाठीला हात पोचेना, तेव्हा अर्ध्या पाठीची दिवाळी झाली. फराळ लिडियाकडून आला, रोझलिनकडून आला, कमळीकडूनही आला. तिघींच्याही करंज्या आल्या, आणि तिघींनीही दुसरीची कशी झाली ते विचारलं. मी तिघींनाही सांगितलं की तुझीच चांगली. बँकेतली नोकरी वाया गेली नाही.

आधी गोधडीचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

दोन्ही अर्धुकं आठवडाभर लिडियाच्या पेटीत पडून होती. उसवावी तर लुगडं झिजलेलं, दुसऱ्यांदा टाके सोसणार नाही. गेल्या रविवारी मेरीचा होणारा नवरा सॅन्टन चर्चमध्ये फादरना भेटायला आला होता, तो लिडियाकडे डोकावला. तू त्याला पाहिलेलं नाहीस. सहा फुटांच्या वर उंच आणि त्याच प्रमाणात रुंद. मेरी त्याच्या शेजारी उभी राहिली की वाटतं, कुणीतरी पिशवी खाली ठेवलीय. रोझलिनने रडवेल्या चेहऱ्याने त्याला मोठं अर्धुकं दाखवलं. त्याने ते हातात घेतलं, लिडियाच्या ओट्यावर सरळ आडवा झाला आणि ते अंगावर ओढून घेतलं.

"मम्मी," तो आतून म्हणाला, "माझे पाय झाकले गेले."

तो उठून बसला. "लहानपणापासून माझे पाय बाहेर असतात. कुठली चादर पुरत नाय. आमच्या घरी मोजे घालून झोपतो मी. ही बाजू माझी."

मेरीने धाकटं अर्धुकं स्वतःला लावून पाहिलं. घोट्यापर्यंत बरोबर. मग म्हणाली, "आई, जोडून टाक."

जोडली. मधली फुलं अर्थात जुळत नाहीत; एकाच फुलाच्या डाव्या पाकळ्या लहान, उजव्या मोठ्या. त्याच्या बाजूचा खाली पुढे आलेला भाग तसाच ठेवला, कडा तेवढ्या दुमडून नीट शिवल्या. रोझलिन तीनदा पाहून आली आणि तिसऱ्यांदा हसली. आता लिडियाच्या डोक्यात आलंय की यापुढे गोधडीची मागणी घेताना नवरा-बायको दोघांची उंची विचारायची. मी तिला दाखवून दिलं की असली गोधडी आखणं जुनीलाही जमत नाही आणि नवीलाही. ती म्हणाली, "मग दोघींना भांडवायचं, होईल."

स्पर्धा कुणी जिंकली ते विचारू नकोस. मंडळ पुन्हा एक झालंय, म्हणजे आता मला एकदम तिघींच्या शिव्या मिळतात.

आणि ऐक. परवा मी जुनी आवृत्ती काढली. आधी तुझे सगळे पदर, काठ आणि ते लुगडं फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं, फ्रेडरिकने मदत केली. मग 'हो' दाबलं. वीज गेली नाही. नवी बसली. छापायच्या पानावरची खूण काढून ठेवली आहे. बोट आमचं आम्ही सोडू. मी जुनी धरून बसलो होतो, कारण तू उठून गेलीस तेव्हाचा नकाशा तिच्यात तसाच उघडायचा, आणि मला वाटायचं, तू आत्ता चहा घेऊन येशील आणि पुढे आखायला बसशील. पण तू तिकडे दर गुरुवारी नवीवर बसतेस. ती तुझ्या हाताखालची झाली आहे. तुला इथे येऊन बसायचं असेल तर खुर्चीसमोर तू सोडून गेलेलं नव्हे, तू आज वापरतेस ते असायला हवं. एवढं कळायला मला दिवाळी उजाडावी लागली.

आता अवघड भाग.

लिडियाच्या अंगणात 'येते कधी' हा प्रश्न तू माझ्याकडे सोपवलास, आणि मी उत्तर म्हणून चौकोनाची जागा विचारली. तुला वाटलं असेल, लोक होते म्हणून. लोक नसते तरी मी हेच केलं असतं. लोक नसताना मी तीन पत्रं लिहिली, त्यांतही हेच केलं.

तुझ्या तिकडच्या टाळ्या खऱ्या आहेत, मला ठाऊक आहे. इथे तुझ्या टाक्याला कुणी नावाजत नाही, सगळ्यांना तो येतो म्हणून. आर्याला आंघोळ घालणं, अश्लेषाला चार घास गरम मिळणं, जानेवारीचं प्रदर्शन, हे सगळं मोठं आहे. त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे फार काही नाही. मी इथे उपाशी नाही, आजारी नाही, तुझी आठवण काढून भिंतीला डोकं टेकून बसलेला नाही. फक्त असं होतं की मी काहीतरी बोलतो, चांगलं झणझणीत बोलतो, आणि उलट काही येत नाही. त्या तिघी उलट बोलतात, अगदी सणसणीत बोलतात, पण सहाला घरी जातात. मग मी टीव्हीवरच्या बातम्यांना टोमणे मारतो. त्या ऐकत नाहीत, आणि तू असतीस तर तूही ऐकलं नसतंस, पण तुझं न ऐकणं वेगळं असतं.

जितेंद्ररावांनी मला विचारलं होतं, तुमची हरकत नाही ना? त्यांना मी उत्तर दिलं नाही. तुला देतो. आशा, माझी हरकत आहे. तुला राहायचं असेल तर राहा. तुझा हक्क आहे, मी भांडणार नाही आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पण माझी हरकत नाही असं समजून राहू नकोस. ती आहे, चांगली भरघोस आहे, आणि मी ती वेळेवर सांगितली नाही म्हणून ती कमी झालेली नाही.

बावीस नोव्हेंबरचं तिकीट तसंच असेल तर विमान पहाटे उतरतं. फ्रेडरिक त्याची क्वालिस गाडी देतोय, चालवायलाही तोच येतो म्हणाला. तो चालेल, तो बोलत नाही. लिडियाही निघाली होती, रोझलिनला आणि कमळीला घेऊन. त्यांना मी सांगितलं, गाडीत जागा नाही.

आठ जणांची गाडी आहे.

तुझा,
प्रल्हाद